कान तपासायचं छोटं मशीन थ्रीडी प्रिंटरवर कसं बनवायचं, प्रोबपासून सुरुवात

बेळगावात फायनल इयरची पोरं प्रोजेक्टला थ्रीडी प्रिंटिंग घेतात आणि मग ड्रोनची फ्रेम, रोबोटचा हात, फार तर मोबाईलचा स्टँड, यापुढं गाडी जात नाही. प्रिंटर आता कॉलेजात आहेत, उद्यमबागेत जॉबवर्क करून देणारे आहेत, काही जणांनी घरी पण घेऊन ठेवलेत. त्या प्रिंटरवर काहीतरी कामाचं करायची खाज असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय, कान तपासायचं, एका हातात मावणारं मशीन. गरज कुणाला म्हणाल तर लांब शोधायला नको. वडगाव-खासबागला पॉवरलूमच्या खटखटाटात आयुष्य काढलेली माणसं आहेत, उद्यमबागेत फाउंड्रीवाले आहेत, आणि खानापूरकडच्या आतल्या गावात बाळ ऐकतंय की नाही हे पुष्कळदा ते बोलायच्या वयात बोलत नाही म्हणूनच लक्षात येतं. गणपतीतला आणि शिवजयंतीच्या चित्ररथातला डॉल्बी तर सगळ्यांच्याच वाट्याला.

एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा. प्रिंट करायचं ते प्लास्टिक, पण डिझाईन करायची ती आतली हवा. नळीची लांबी, भोकाचा व्यास, पोकळी किती सीसीची आणि कुठं लीक आहे, मशीन खरं बोलणार की खोटं हे यावर ठरतं. वरची बॉडी कशीही सुंदर करा, ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारा तज्ज्ञ, तिच्याकडं बघणार पण नाही.

कुठली टेस्ट घ्यायची

कान तपासायचं म्हटलं की चार गोष्टी येतात. ऑटोस्कोप, म्हणजे कानात बघायचं, कॅमेरा लावून हे प्रिंट करणं सगळ्यात सोपं आणि करून टाका, लागणारच आहे, कारण मळ भरलेल्या कानात पुढची कुठलीच टेस्ट धड येत नाही. दुसरं ऑडिओमीटर, बीप वाजला की बटण दाबायचं, २५० ते ८००० हर्ट्झ. यात मशीनपेक्षा हेडफोनचं कॅलिब्रेशन आणि खोलीची शांतता हीच मोठी भानगड, प्रिंटिंगचं काम फार थोडं. तिसरं टिम्पॅनोमीटर, पडद्यामागं पाणी आहे का बघायला, त्यात कानात हवेचा दाब कमी-जास्त करावा लागतो, पंप आला, प्रेशर सेन्सर आला, पहिल्याच प्रोजेक्टला नको.

चौथं ओएई, म्हणजे ऑटोअकॉस्टिक एमिशन, आणि माझं मत विचाराल तर हेच घ्या. यात पेशंटनं काही बोलायचं नाही, बटण दाबायचं नाही, झोपलेलं बाळ पण चालतं. आणि अख्खं मशीन ज्या एका वस्तूवर उभं आहे तो प्रोब, म्हणजे कानाला लावायचा भाग, बोटाच्या पेराएवढा, आत बारीक नळ्या, असली वस्तू मोल्ड काढून करायची तर मोल्डचा खर्च परवडणार नाही, प्रिंटिंग त्यासाठीच आहे. कंपनीची ओएई मशीनं लाखांच्या घरात जातात. २०२२ साली अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या टीमनं साध्या इयरफोनचे स्पीकर आणि एक मायक्रोफोन फोनला जोडून ओएई मोजून दाखवलं, म्हणजे स्वस्तातल्या पार्टवर हे होतं हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडं पण २०१७ मध्ये नवजात बाळांसाठी सोहम नावाचं देशी मशीन आलं, पण ते मेंदूपर्यंत जाणारा सिग्नल डोक्याला इलेक्ट्रोड लावून मोजतं, तो वेगळा रस्ता.

ओएई म्हणजे काय हे थोडक्यात. आतल्या कानात, शंखात, बाहेरच्या ओळीतल्या केसपेशी आवाज आला की स्वतः हलतात आणि त्या हलण्याचा बारीक आवाज उलटा कानाच्या नळीत बाहेर येतो. १९७८ मध्ये लंडनला डेव्हिड केम्प यांनी तो पहिल्यांदा मोजून दाखवला. आपण करायची ती डीपीओएई, एकाच वेळी दोन स्वर सोडायचे, एफ१ आणि एफ२, दोन्हींचं प्रमाण साधारण १.२२, आणि चांगला कान २ एफ१ वजा एफ२ या जागी तिसराच स्वर काढून देतो. उदाहरण घ्या, एफ२ ४००० हर्ट्झ, एफ१ ३२८०, तर कानातून येणारा स्वर २५६० वर. आत सोडायची लेव्हल ६५ आणि ५५ डीबी ही नेहमीची जोडी, आणि बाहेर येणारा स्वर बऱ्याचदा १० डीबीच्या आतबाहेर, कधी शून्याच्या खाली. भर खडेबाजारात कुणी कानात कुजबुजल्यासारखी गत. म्हणून पुढचं सगळं डिझाईन लीक, गोंगाट आणि खोटा सिग्नल या तिघांशी भांडण्यात जातं.

आणि हे पण आत्ताच ऐकून ठेवा, हे मशीन निदान करत नाही. पास किंवा रेफर, म्हणजे परत तपासायला पाहिजे, एवढंच सांगतं. मळ असेल, मधल्या कानात पाणी असेल तरी रेफर येईल, आणि उलट नसेचा प्रॉब्लेम असला, ऑडिटरी न्यूरोपथी, तर केसपेशी ठणठणीत म्हणून पास येईल आणि बाळ तरी नीट ऐकत नसेल. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातल्या, बाळांना म्हणूनच फक्त ओएईवर सोडत नाहीत.

प्रोबचं डिझाईन

सुरुवात बाहेरून आत करा. कानात जाणारी टीप, म्हणजे सिलिकॉनचं बोंड, ते प्रिंट करू नका. टीपीयूमध्ये, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकमध्ये, करून बघायचा मोह होतो, पण टीपीयू कानाच्या मानानं कडक असतो, थरांच्या रेघांत मळ बसतो, आणि सील होत नाही. ओएई मशीनच्या रेडिमेड टिपा मिळतात, मोठ्यांच्या वेगळ्या, बाळांच्या ३ ते ५ मिमीच्या वेगळ्या, त्या घ्या आणि आपला नोझल, म्हणजे प्रोबचं पुढचं टोक, त्या टिपेच्या भोकाला बसेल असा करा. त्यासाठी मॉडेल पॅरामेट्रिक ठेवा, फ्रीकॅड किंवा ओपनएससीएडीमध्ये टिपेचा व्यास हा एक आकडा बदलला की नोझल आपोआप बदलला पाहिजे. टिपा कुठल्या सप्लायरकडून येतील याचा भरवसा नसतो आणि प्रिंटिंगचा खरा फायदा इथंच आहे, टीप बदलली की रात्रीत नवा नोझल.

नोझल बॉडीपासून वेगळा पार्ट ठेवा, स्क्रूचा किंवा क्लिकचा. कानातला मळ पहिल्यांदा जातो तो याच्या भोकात. पिन घालून साफ करणारे असतातच, तसं करून भोक मोठं होतं आणि कॅलिब्रेशन गेलं. मळ बसला की नोझलच काढून टाकायचा, नवा लावायचा.

आत तीन नळ्या पाहिजेत, दोन स्पीकरच्या, एक माईकची. दोन स्वर एकाच स्पीकरमधून सोडू नका, कारण कुठलाही स्पीकर दोन स्वर एकत्र वाजवताना स्वतःच थोडं डिस्टॉर्शन करतो आणि ते नेमकं त्याच २ एफ१ वजा एफ२ वर पडतं. कानात काही नसलं तरी मशीन पास म्हणून मोकळं. दोन वेगळे बॅलन्स्ड आर्मेचर स्पीकर घ्या, हिअरिंग एडमध्ये असतात तसले, ५-६ मिमी लांबीचे, दोन्हींना वेगळा अॅम्प्लिफायर.

नळीची लांबी ठरवताना पाव तरंगाचा हिशोब करा. आवाजाचा वेग ३४३ मीटर सेकंदाला. एका टोकाला माईकनं बंद झालेली २० मिमीची नळी ४.३ किलोहर्ट्झला घुमते, म्हणजे आपल्या टेस्टच्या बरोबर मध्यात. तीच १२ मिमी केली तर ७.१ किलोहर्ट्झ, चालेल. १० मिमी केली तर ८.६, अजून बरं. म्हणून माईक नोझलच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, स्पीकर थोडे मागं राहिले तरी चालतात. नळीचा व्यास १ ते १.५ मिमी. त्याहून बारीक केली तर प्रिंटमध्ये बुजते आणि हवेचं घर्षण पण वाढतं. माईकचं भोक स्पीकरच्या भोकांच्या किंचित पुढं काढा, अगदी शेजारी शेजारी ठेवली तर स्पीकरच्या तोंडाजवळचा न पसरलेला आवाज माईक धरतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला लेव्हल चुकीची दाखवतो.

स्पीकर आणि माईक एकाच कडक प्लास्टिकमध्ये ठोकून बसवलेत तर स्पीकरची थरथर प्लास्टिकमधून थेट माईकला जाते. खिसा अर्धा मिमी मोठा ठेवून मधे सिलिकॉनचा स्लीव्ह घाला. एमईएमएस माईक, म्हणजे मोबाईलमध्ये असतो तसला चिपचा माईक, घेतला, तो साधारण ३.५ बाय २.६५ मिमीचा चौकोन असतो, तर त्याच्या भोकात गोंद, अल्कोहोल किंवा कॉम्प्रेसरची हवा अजिबात जाऊ देऊ नका, आतला पडदा लगेच खलास होतो. गॅरेजमध्ये सगळं एअर मारून साफ करायची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतोय.

प्रिंटिंग

प्रोबचा आतला भाग रेझिन प्रिंटरवर करा, म्हणजे उजेडानं घट्ट होणारा द्रव वापरतो तो, ५० मायक्रॉनचा थर. फिलामेंटच्या, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवणाऱ्या, प्रिंटरवर थरांच्या मधून हवा झिरपते, चार वॉल दिल्या तरी झिरपते, आणि १ मिमीची नळी गोल येतच नाही. हातात धरायची बॉडी मात्र फिलामेंटवरच करा, पीईटीजी प्लास्टिक, ०.२ मिमीचा थर, २ मिमी जाडी, दोन भाग आणि पितळी इन्सर्ट गरम करून बसवून वर एम३ चे स्क्रू. पीएलए प्लास्टिक नको, साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतो आणि एप्रिलमध्ये अथणी-रायबागकडं कॅम्पला जाताना मशीन बंद गाडीत डॅशबोर्डवर राहिलं की बॉडी वाकलीच.

आधी एक टेस्ट पीस काढा, छोटी पट्टी आणि तिच्यात ०.८, १.०, १.२, १.५ ची भोकं. ड्रिल बिटांच्या दांड्या घालून बघा कुठली जाते कुठली नाही, गो-नोगो गेज असतो त्याच पद्धतीनं, उद्यमबागेतल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. मग कळेल की तुमच्या प्रिंटरवर १.२ काढलं की प्रत्यक्षात किती येतं, तेवढा फरक मॉडेलमध्ये भरून काढा. नळ्या उभ्या येतील असा पार्ट ठेवा. आडव्या ठेवल्या तर आत अर्धवट घट्ट झालेलं रेझिन राहतं. प्रिंट झाल्याझाल्या, यूव्हीत घालायच्या आधी, सिरिंजनं आयसोप्रोपिल अल्कोहोल प्रत्येक नळीतून मारा, उजेडाकडं धरून आरपार दिसतंय का बघा, आणि मगच ४०५ नॅनोमीटरच्या यूव्हीत क्युअर करा. क्रम उलटा झाला की नळी कायमची बंद.

कच्चं रेझिन कातडीला लागलं तर अॅलर्जी होते, नायट्राईलचे हातमोजे पाहिजेतच. कानाला फक्त सिलिकॉनची टीप लागेल, प्रिंट केलेला पार्ट लागणार नाही असं डिझाईन करा, तरीपण नोझलला बायोकम्पॅटिबल म्हणून विकतात तेच रेझिन वापरा आणि डबीवर लिहिलेला क्युअरिंगचा वेळ पूर्ण द्या. बायोकम्पॅटिबल रेझिन अर्धवट क्युअर केलं तर ते साधंच रेझिन झालं.

आता आपल्या हवेचं. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटी पट्ट्यात भिंतीसुद्धा घाम सोडतात, फिलामेंट पाणी पितं आणि प्रिंट करताना चरचरतं, बारीक फोड येतात. ड्रायर नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, उघडं ठेवू नका. डिसेंबरात उलटी तऱ्हा, रात्री गारठा पडला की रेझिन घट्ट होतं आणि थर बेडला चिकटत नाही, खोली पंचवीस डिग्रीच्या आसपास ठेवा. आणि करंट जातो. हेस्कॉमला शिव्या देऊन प्रिंट परत येत नाही, छोटा यूपीएस घ्या, रेझिन प्रिंटर फार करंट खात नाही.

लीक बघायची देशी पद्धत

प्रोब जोडून झाला की पहिलं काम लीक टेस्ट. मशीन नको, गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा. यू आकारात भिंतीला लावा, रंगवलेलं पाणी भरा, एका टोकाला टी जोडून प्रोब आणि सिरिंज लावा. प्रोबचं तोंड बंद पोकळीत घट्ट बसवा आणि सिरिंजनं हवा दाबा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात २० सेंमीचा फरक आला म्हणजे जवळजवळ २०० डेकापास्कल दाब झाला, टिम्पॅनोमीटर कानात वरच्या बाजूला जेवढा देतो तेवढाच. सिरिंजचा कॉक बंद करा आणि एक मिनिट बघत बसा. पाणी उतरलं तर लीक. कुठं आहे ते शोधायला जोडांवर साबणाचा फेस लावा, पण माईकच्या जागी डमी घालून, खरा माईक असताना नको. टेस्ट चालू असताना प्रोब हातात धरू नका, हाताच्या उबेनं हवा पसरते आणि पाणी हलतं, मग लीक नसलेला प्रोब लीक दिसतो आणि लीक असलेला चांगला.

लीकचा त्रास एवढा का, कारण लीक असला की खालच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज बाहेर निसटतो आणि खोलीतला गोंगाट त्याच वाटेनं आत येतो, दोन्हीकडून मार.

कॅलिब्रेशनची पोकळी लेथवर करा

हे थ्रीडी प्रिंटिंगवरच्या लेखात विचित्र वाटेल पण २ सीसीची टेस्ट पोकळी प्रिंट करू नका. आपल्याकडं टर्नर काय कमी आहेत काय ओ, मच्छे आणि उद्यमबागेत लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडणारी माणसं बसलीत. पितळेचा नाहीतर अॅल्युमिनियमचा तुकडा, आतला व्यास १६ मिमी, खोली ९.९५ मिमी, झाले २ सीसी. कडक भिंत, गुळगुळीत, वर्षानं मोजली तरी तीच. प्रिंट केलेली पोकळी क्युअर होताना आवळते आणि नंतर पण थोडी थोडी बदलते. मोजून बघायचं तर पाणी भरा आणि सराफाच्या काट्यावर वजन करा, २ ग्रॅम आलं पाहिजे. ०.५ सीसीची अजून एक करून घ्या, बाळाच्या कानाच्या जवळ जाणारी. प्रिंट करायचं ते या पोकळीवर प्रोब घट्ट बसवणारं अॅडॉप्टर.

एवढं लक्षात घ्या की ही साधी पोकळी म्हणजे कान नव्हे. खऱ्या कानासारखी वागणारी ती आयईसी ६०३१८-४ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डची इअर सिम्युलेटर, ती महाग आणि नाजूक, ज्या हॉस्पिटलात किंवा संस्थेत ऑडिओलॉजी विभाग आहे तिथं किंवा कॅलिब्रेशन करून देणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरकडं असते. रोज बघायला आपली पितळी डबी, आणि ठरावीक महिन्यांनी खऱ्या सिम्युलेटरवर. आवाजाचा मूळ आकडा मोबाईलच्या अॅपवरून घेऊ नका, १ किलोहर्ट्झला ९४ डीबी देणारा साउंड कॅलिब्रेटर भाड्यानं का होईना आणा, त्याच्यावर आधी माईक सेट करा, मग माईकवरून स्पीकर.

इलेक्ट्रॉनिक्स थोडक्यात

टीन्सी, रास्पबेरी पाय, असल्या छोट्या बोर्डांपैकी जे येतं ते वापरा, अट एकच, आवाज सोडणारा आणि ऐकणारा कन्व्हर्टर एकाच क्लॉकवर चालले पाहिजेत. यूएसबी माईक एकीकडं आणि हेडफोन जॅक दुसरीकडं असं केलं तर दोन्ही हळूहळू सरकतात आणि अॅव्हरेजिंग निकामी. ४८००० चं सॅम्पलिंग आणि ४८०० सॅम्पलची फ्रेम घेतली तर एफएफटीची, म्हणजे आवाज फ्रिक्वेन्सीप्रमाणं वेगळा काढायच्या गणिताची, प्रत्येक पट्टी १० हर्ट्झची पडते, आणि वरचे ४०००, ३२८०, २५६० हे तिन्ही आकडे बरोबर पट्टीच्या मध्यावर बसतात, विंडो लावायची पण गरज नाही. म्हणून ते आकडे तसे घेतलेत.

माईकचा स्वतःचा गोंगाट बघून घ्या. डेटाशीटवर एसएनआर, म्हणजे ९४ डीबीचा आवाज माईकच्या गोंगाटापेक्षा किती वर, ६५ लिहिला असेल तर ९४ वजा ६५, म्हणजे २९ डीबीचा गोंगाट माईकच करतो. ऐकून घाबरायला होतं पण तो सगळ्या पट्ट्यांत मिळून आहे, १० हर्ट्झच्या एका पट्टीत ढोबळमानानं ३३ डीबी कमी, म्हणजे उणे ४ च्या आसपास. पुढं फ्रेमा जमवत गेलात की चारपट फ्रेमांना ६ डीबी, सोळापट फ्रेमांना १२ डीबी गोंगाट खाली. यात बाळ हललं, खोकलं अशी खराब फ्रेम आली की ती फेकून द्यायचा कोड पहिल्या दिवसापासून ठेवा.

स्पीकरच्या लाईनमध्ये रेझिस्टर घालून जास्तीत जास्त आवाज हार्डवेअरनंच बांधा. सॉफ्टवेअरमध्ये बग असणारच, आणि समोर चार दिवसांच्या बाळाचा कान आहे. मशीन बॅटरीवरच चालवा आणि चार्जर लावलेला असताना टेस्ट सुरूच होणार नाही असं करा, चार्जरचा गोंगाट पण जातो आणि शॉकची भीती पण.

खोटं बोलतंय का बघा

आता सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, जी पोरं हमखास विसरतात. प्रोब पितळी डबीत घाला आणि पूर्ण तपासणी चालवा, २, ३, ४, ५ किलोहर्ट्झ. नियम साधारण असा असतो की कानातून आलेला स्वर गोंगाटापेक्षा ६ डीबी वर असला की ती फ्रिक्वेन्सी पास, आणि चारपैकी तीन पास झाल्या की कान पास. पितळेच्या डबीला केसपेशी नाहीत, तर तिथं एक पण फ्रिक्वेन्सी पास होता कामा नये. झाली तर डिस्टॉर्शन तुमच्याच मशीनचं आहे. दोन अॅम्प्लिफायर एकाच पॉवर लाईनवर एकमेकांना त्रास देतायत का, स्पीकरची थरथर माईकला जातेय का, लेव्हल जास्त झालीय का, याच क्रमानं शोधा. डबीत रोज सकाळी एकदा, आणि नोझल बदलला की एकदा, ही टेस्ट झाल्याशिवाय मशीन पेशंटला लागणारच नाही असं सॉफ्टवेअरमध्येच बांधून टाका. त्यानंतर ज्यांचे कान चांगले आहेत हे ऑडिओमीटरवर आधीच बघितलंय अशा मित्रांचे कान घ्या. तिथं पास आलं पाहिजे आणि प्रोब काढून परत घातला तरी जवळपास तेच आकडे आले पाहिजेत.

प्रत्येक प्रिंटला नंबर द्या. कुठलं रेझिन, कुठली तारीख, त्या प्रोबचं कॅलिब्रेशन काय. एकाच फाईलवरून काढलेले दोन प्रोब सारखे नसतात, एकाचं कॅलिब्रेशन दुसऱ्याला लावू नका.

माणसांच्यात जाताना

स्वतःच्या मित्रांच्या पलीकडं गेलात की कायदा आला. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली अशी साधनं येतात, धोक्याप्रमाणं ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत आणि बनवून विकायचं तर लायसन्स लागतं. ओएई मशीनसाठी वेगळं स्टँडर्ड आहे, आयईसी ६०६४५-६, ते डिझाईन चालू असतानाच वाचा, शेवटी नको. अभ्यास म्हणून पेशंटवर वापरायचं तरी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि सोबत आरसीआयमध्ये, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेत, रजिस्टर असलेला ऑडिओलॉजिस्ट पाहिजे. संमतीचा फॉर्म मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत करा, आणि स्क्रीनवर पण दोन्ही ठेवा, आशाताई कुठल्या गावच्या आहेत ते आपण आधी सांगू शकत नाही. इंग्लिशमध्ये नुसतं रेफर लिहून आलं की बाळाची आई घाबरते, त्यापेक्षा "परत तपासायला पाहिजे" असं सरळ लिहा.

खोली शोधताना साउंड मीटर घेऊन जा. ४५ डीबीच्या आत असेल तर छान, ५० च्या वर गेलं की टेस्ट लांबत जाते. सरकारी दवाखान्यातला पंखा बंद करायला सांगायला लाजू नका. आणि पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत कॅम्प ठेवू नका, सर आली की तासभर हात बांधून बसायचं.

मागावरच्या माणसांना तपासायचं असेल तर शिफ्ट संपवून आलेल्याला लगेच बसवू नका. तासंतास खटखटाट ऐकून कान तात्पुरता बधिर होतो आणि खरं नुकसान किती ते कळत नाही. अमेरिकेतला कारखान्यांचा नियम पहिल्या तपासणीआधी १४ तास शांतता सांगतो, म्हणजे आपल्याकडं सुट्टीच्या दिवशी सकाळी बोलवणं बरं. आवाजानं गेलेला कान बहुतेक वेळा ४००० च्या आसपास आधी पडतो, म्हणून २, ३, ४, ५ च्या जोडीला ६ किलोहर्ट्झ पण घ्या. "मला सगळं ऐकू येतंय की" असं म्हणणाऱ्याचाच ४००० वरचा स्वर गायब असतो असं दिसू शकतं, त्याला तिथंच भाषण देऊ नका, ऑडिओमीटरला पाठवा.

बाळांचं वेळापत्रक ठरलेलं आहे, एका महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. जन्मल्यावर पहिल्या दिवशी कानात बाळाच्या अंगावर असतो तो पांढरा चिकटा असतो आणि फुकट रेफर येतात, डिस्चार्जच्या आधी घेतली तर बरं. एकदा रेफर आलं तर टीप बदलून, नोझल बघून, परत एकदा घ्या. परत रेफर आलं तर पुढं कुठं जायचं ते कागदावर लिहून हातात द्या. बेळगावात बिम्स आणि केएलईचं हॉस्पिटल आहे, निपाणी-चिक्कोडीकडच्या लोकांना कोल्हापूर-मिरज जवळ पडतं, आणि मोठ्या तपासणीला म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, १९६५ पासूनची. कॅम्पच्या वहीत रेफर झालेल्याच्या नावापुढं एक रकाना जास्तीचा आखा, पुढची तपासणी झाली का आणि काय निघालं. तो रकाना भरायला फोन करणारा माणूस कोण ते कॅम्प ठरवतानाच ठरवा, प्रोबवर कितीही रात्री घालवल्या तरी हे काम प्रिंटर करत नाही.